विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसभर काय चालतं, आणि मराठी लेखसूची कुणी करायची?

शाई_आणि_खळ

परवा इथेच दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की आता सगळं ऑनलाईन मिळतं तर विद्यापीठांनी ग्रंथालयावर एवढा पैसा आणि एवढी माणसं कशाला ठेवायची. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तांत्रिक विभागात आहे. कुठल्या ते सांगत नाही, बहुतेक ठिकाणी चित्र हेच आहे.

बाहेरून येणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात, देवघेवीचा काउंटर आणि अभ्यासिका. पण एक पुस्तक कपाटात जाऊन बसेपर्यंत त्याचं काय काय होतं बघा. विभागाकडून शिफारस येते, मग ती प्रत आपल्याकडे आधीच आहे का ते बघायचं, कोटेशन मागवायची, ऑर्डर काढायची, पुस्तक आलं की बिल आणि प्रत ताडून बघायची, पानं उलटी शिवली गेलीत का, एखादा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) गायब आहे का ते तपासायचं, मग ॲक्सेशन रजिस्टरला म्हणजे दाखल नोंदवहीत नंबर, ठरलेल्या पानांवर शिक्के, मग वर्गीकरण, मग तालिकीकरण म्हणजे यादीतली सविस्तर नोंद, मग बारकोड, लेबल, जिथे आरएफआयडी आहे तिथे टॅग, आणि मग कुठे ते कपाटात जातं. यातलं वर्गीकरण नि तालिकीकरण हे डोक्याचं काम आहे. ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला हे कुणीही सांगेल, पण एखाद्या धनगर समाजाच्या ओव्यांवरच्या पुस्तकाला तुम्ही लोकसाहित्यात टाकणार की समाजशास्त्रात की थेट मराठी कवितेत, यावर ते पुस्तक पुढची पन्नास वर्षं कुणाच्या हाताला लागणार ते ठरतं.

मग प्रबंध. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहात, चढवायचा असतो, ते आमच्याकडेच. वाङ्मयचौर्य तपासणी आमच्याकडे. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून परत सादर करायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. त्यामुळे विद्यार्थी घाबरून येतात, त्यांना अहवाल कसा वाचायचा ते समजावत बसावं लागतं. शिवाय नॅकच्या मूल्यांकनाची कामं, काही देणं बाकी नसल्याचे नो ड्यूज दाखले, कोणत्या जर्नलमध्ये पेपर पाठवू नये हे सांगणं, पावसाळ्यात गळती, वाळवी, कसर.

पण मला मुख्य बोलायचंय ते नियतकालिकांबद्दल. पूर्वी आमच्या नियतकालिक विभागात आलेल्या प्रत्येक मराठी मासिकातल्या महत्त्वाच्या लेखांची कार्डं बनायची. लेखक, लेखाचं नाव, विषय, अंक, पान. लेखसूची. त्या कामावरची माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, कार्डं बनणं बंद झालं. लाकडी कॅबिनेट अजून आहे आणि मी अजूनही त्यातून शोधून देते. इंग्रजी जर्नलमधला लेख आज एका मिनिटात सापडतो कारण जगभर कुणीतरी त्याची सूची करतंय. मराठी मासिकातल्या लेखाची सूची आपण केली नाही तर जगात दुसरं कुणीही करणार नाही. अंक शाबूत आहेत, बांधणी करून रांगेत उभे आहेत, पण आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? लेखसूची अजून कुठे चालू आहे का? सगळ्यांनी लिहा, विद्यार्थ्यांनी पण.

अमोल_नांदेड

ताई लेख आवडला. पण मी ज्या बाजूचा आहे ती पण सांगतो. मी एमपीएससीचा अभ्यास करतोय, माझ्यासारखे शेकडो जण विद्यापीठाच्या अभ्यासिकेत बसतात. आम्ही तिथलं एकही पुस्तक घेत नाही हे खरं आहे. आम्हाला टेबल, पंखा, लाईट, पाणी आणि स्वच्छ संडास पाहिजे. घरी एका खोलीत पाच माणसं, खाजगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत. सकाळी दार उघडायच्या आधी पोरं दप्तर ठेवून रांग लावतात. ग्रंथालयवाले आमच्याकडे असं बघतात की आम्ही जागा अडवतोय. आणि संशोधन करणारे म्हणतात आम्हाला बसायला जागा नाही. आम्ही जायचं कुठं?

शाई_आणि_खळ

अमोल, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तुम्हाला जागा मिळालीच पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही. अडचण अशी आहे की अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालू ठेवायची तर त्याच तुटपुंज्या माणसांतून ड्यूटी लावली जाते. तांत्रिक विभागातला माणूस रात्रपाळीला अभ्यासिकेत बसवला की दुसऱ्या दिवशी तालिकीकरण थांबतं. कागदावर मात्र दिसतं की ग्रंथालयात रोज इतके हजार लोक आले. अभ्यासिका वेगळी, तिचा कर्मचारी वेगळा, तिचं बजेट वेगळं असं झालं तर दोघांचंही भलं होईल. काही ठिकाणी वेगळी इमारत केलीय, तिथे खरंच भांडणं कमी झालीत.

प्रज्ञा_ल

लेखसूचीला +१००. मी मराठी विभागात पीएचडी करतेय, विषय स्त्रियांचं आत्मपर लेखन, स्वातंत्र्यपूर्व काळ. माझ्या मार्गदर्शक बाईंना आठवत होतं की एका मासिकात बालविधवांच्या शिक्षणावर एका बाईंनी स्वतःच्या अनुभवाचा लेख लिहिलाय, पण साल आठवेना आणि लेखिकेचं नावही अर्धवट. मी त्या मासिकाचे बांधीव खंड एकेक काढून अनुक्रमणिका वाचत बसले. काही खंडांत बांधणी करताना अनुक्रमणिकेचं पान आणि मुखपृष्ठच काढून टाकलेलं, मग प्रत्येक पान उलटायचं. तो लेख शेवटी सापडला पण त्याआधी त्याच रांगेत मला असे कितीतरी लेख सापडले ज्यांचा उल्लेख मी आजवर कुठल्याच संदर्भसूचीत पाहिलेला नाही. म्हणजे आधीच्या संशोधकांनाही ते दिसलेच नव्हते!! आपण म्हणतो की त्या काळात बायकांनी यावर लिहिलं नाही, आणि ते लिहिलेलं आपल्याच ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर पडलेलं असतं.

आणि एक, तिथले परिचर मामा नसते तर मला तो खंडच मिळाला नसता, तो चुकीच्या वर्षाच्या लेबलखाली होता आणि हे फक्त त्यांना माहीत होतं. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

माजी_ग्रंथपाल

विदर्भात एका विद्यापीठात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. प्रज्ञाताईंच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य सगळ्यांनी परत वाचा. परिचराच्या डोक्यात जे असतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. मी निवृत्त होण्याआधी जुन्या परिचरांना बरोबर घेऊन मजल्यांचे नकाशे काढून घेतले होते, कुठल्या रॅकवर काय आहे आणि कुठलं पुस्तक मोठ्या आकारामुळे दुसरीकडे ठेवलंय. हे प्रत्येक ग्रंथालयाने करावं, खर्च शून्य.

आता एक असा विषय काढतो ज्यावर कुणी बोलत नाही, साठा पडताळणी, म्हणजे नोंदीतली पुस्तकं खरंच आहेत का ते तपासणं. ग्रंथपालाच्या मानगुटीवर कायम एकच भीती असते, पुस्तक हरवलं तर वसुली माझ्याकडून होईल. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ आहे, त्यात स्वच्छ म्हटलंय की वर्षात वाचायला दिलेल्या वा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं हे वाजवी मानावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. एक हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करायची. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, पन्नास हजारांच्या वर असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी पुरते. हा नियम केंद्राच्या संस्थांसाठी आहे, राज्याच्या विद्यापीठांनी आपापले ठराव करून घ्यायला हवेत. मी आमच्या ग्रंथालय समितीत हे मांडलं तेव्हा अर्ध्या सदस्यांना असा काही नियम असतो हेच माहीत नव्हतं. ही भीती गेली नाही तर काय होतं, पुस्तकं कुलपात जातात. मुक्त प्रवेश नावापुरता. वाचकाला स्वतः कपाटापाशी जाऊ दिलं नाही तर त्याला शेजारचं पुस्तक कधी दिसणार?

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. १२ ऑगस्टला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. लेखसूची बंद करणं हे थेट त्या चौथ्या सूत्राच्या विरुद्ध आहे.

अनिकेत_कोड

मी आयटीवाला आहे, ग्रंथालयशास्त्रातलं कळत नाही, पण एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळे अंक स्कॅन करून ओसीआर केले, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घेतली, तर लेखसूचीची गरजच राहणार नाही ना? मराठी ओसीआर आता बऱ्यापैकी चालतं. सर्च बॉक्समध्ये शब्द टाकला की पान समोर. माणसं बसवून कार्डं लिहिण्यापेक्षा हे स्वस्त नाही का?

शाई_आणि_खळ

अनिकेत, प्रश्न अगदी योग्य आहे आणि स्कॅनिंग व्हायलाच हवं. पण त्याने सूचीचं काम संपत नाही, का ते सांगते.

एक तर शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ चे, आणखी चार १९७२ चे. त्याआधीची छपाई म्हणजे नाहीं, कांहीं, केलें, मराठी भाषेचें. तुम्ही आजचं स्पेलिंग टाकलंत तर १९३५ चा लेख येणारच नाही. त्यात ओसीआर अनुस्वार खातं किंवा कागदावरच्या ठिपक्याला अनुस्वार समजतं. संगणकावरही एकच अक्षर दोन तऱ्हेने टाईप होतं, ॲ हे एकसंध अक्षर वेगळं आणि अ ला वर चंद्र जोडून केलेलं वेगळं, डोळ्यांना सारखं दिसतं पण मशीनला दोन वेगळे शब्द. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

दुसरं, नावं. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी हा एकच माणूस. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच बाई. हे मशीनला कोण सांगणार? आम्ही त्याला प्रमाण-नोंद म्हणतो, एक नाव मुख्य ठरवायचं आणि बाकीची सगळी त्याला जोडायची. बायकांच्या बाबतीत तर लग्नाआधीचं नाव, नंतरचं, टोपणनाव आणि नुसतंच एक मैत्रीण असं काहीतरी. प्रज्ञाला जो त्रास झाला तो यामुळेच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, विषय. दुष्काळावरच्या लेखात दुष्काळ हा शब्द एकदाही नसू शकतो. अवर्षण असेल, पाऊसकाळ लांबला असेल, किंवा नुसतं चारा छावणीचं वर्णन असेल. ज्याने तो लेख वाचलाय तोच त्याला विषयशीर्षक देऊ शकतो.

आणि कॉपीराइट. लेखक वारल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं बरंच काही आपण स्कॅन करून सगळ्यांसाठी मोकळं करू शकत नाही. सूची मात्र आजच मोकळी करता येते, लेखकाचं नाव, शीर्षक आणि पान नंबर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

अनिकेत_कोड

पटलं. विषयाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. शब्दांची जुनी-नवी रूपं जोडणारा भाग मी लिहून देऊ शकतो, शेवटचा अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ सैल करून शोधायचं, ते अवघड नाही. पण त्यासाठी मला आधी काहीशे खऱ्या नोंदी लागतील.

रसायन_सर

एका राज्य विद्यापीठात विज्ञान शाखेत शिकवतो. मूळ लेखातल्या सुराशी पूर्ण सहमत नाही. इंग्रजी जर्नल आम्हाला एका मिनिटात मिळतात हे आत्ता आत्ता झालंय. कितीतरी वर्षं आम्ही परदेशातल्या मित्रांना मेल टाकून पेपर मागवायचो, विद्यार्थी संशोधन सोडून पीडीएफ गोळा करत बसायचे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नलची एकत्रित वर्गणी, केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल, आणि सरकारी संस्था ६,३०० हून अधिक. जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे. गडचिरोलीतल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला आणि आयआयटीतल्या विद्यार्थ्याला तोच लेख उघडता येणं ही लहान गोष्ट नाही हो. त्यामुळे इंग्रजीवर पैसा आणि मराठीवर नाही असं मांडू नका, नाहीतर आमचंच काढून घ्यायला निमित्त मिळेल.

दुसरं म्हणजे हे सुरू झाल्यापासून आमच्या ग्रंथालयातलं काम कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. लॉगिन चालत नाही, घरून कसं उघडायचं, पेपर पाठवायला जर्नल विश्वासार्ह आहे का. यूजीसीने विश्वासार्ह जर्नलांची केअर यादी बंद केल्यापासून तर हा शेवटचा प्रश्न रोजचा झालाय आणि त्याचं उत्तर द्यायला आमच्या सहायक ग्रंथपाल मॅडमच लागतात.

शाई_आणि_खळ

सर, तुमचं म्हणणं मान्य. ती योजना हवीच, माझा तिला विरोध नाही. मी एवढंच म्हणते की ६००० कोटींच्या पुढे मराठी लेखसूचीला लागणारा पैसा हा हिशेबात दिसणार पण नाही इतका लहान आहे. प्रत्येक विद्यापीठात दोन माणसं आणि एक संगणक. आणि पूर्वी जर्नलच्या वर्गणीवर जो खर्च व्हायचा त्यातला जो काही भाग आता वाचत असेल तो ग्रंथालयाकडेच राहावा, दुसऱ्या हेडला वळवू नये, यासाठी तुमच्यासारख्या प्राध्यापकांनी ग्रंथालय समितीत बोलावं.

रसायन_सर

हे बोलेन. पुढच्या बैठकीत विषय टाकायला सांगतो.

सचिन_ऐकतो

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. एमए राज्यशास्त्र. या चर्चेत एक बाजू राहिलीय म्हणून लिहितो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे माझ्यासाठी कोरं पान. त्यात चित्र असतं, अक्षर नसतं. मराठी प्रबंधांचं तर असं आहे की बरेच जुने प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात, शोधगंगेवरून उतरवले की स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचत सुटतो. डोळसांना पान छान दिसतं त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही.

अंधांसाठी सुलभ प्रती करायला प्रकाशकाची परवानगी लागू नये म्हणून २०१३ मध्ये माराकेशला करार झाला आणि तो मान्य करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या कॉपीराइट कायद्यात तर त्याच्या आधीच २०१२ ला तशी दुरुस्ती झाली होती. म्हणजे कायदा पूर्ण आमच्या बाजूने आहे. पण विद्यापीठात गेलो तर दिव्यांग कक्षात एक संगणक झाकून ठेवलेला असतो आणि पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा अक्षरांत, करून देणारं कुणी नसतं. माझ्या मैत्रिणी पाळीपाळीने वाचून रेकॉर्ड करून देतात, त्यावर मी पास होतोय. हे काम ग्रंथालयाचं आहे, मैत्रिणींचं नाही.

तुम्ही लेखसूची केलीत तर कृपया साध्या तक्त्यात करा, पीडीएफमध्ये नको, म्हणजे ती आम्हालाही पहिल्या दिवसापासून वापरता येईल.

प्रज्ञा_ल

सचिन, तुमचा पीडीएफचा मुद्दा माझ्यासाठी नवीन होता. मी माझा प्रबंध युनिकोडमध्येच देणार आहे. आमच्या विभागात अजून बरेच जण जुन्या फॉन्टात टाईप करून घेतात कारण टायपिंगवाले काका तेच वापरतात. आणि साम्य तपासणीतही तेच होतं ना, फॉन्ट जुना असला की सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही आणि अहवाल कोरा येतो.

शाई_आणि_खळ

हो, आणि तो कोरा अहवाल बघून लोक खूश होतात. आम्ही आता युनिकोड नसलेली फाईल परत पाठवतो, त्यावरून वादही होतात. सचिनच्या प्रतिसादानंतर ते वाद घालायला मला अजून जोर आला. सचिन, तक्ताच असेल. शब्द देते.

वृंदा_परदेशी

अमेरिकेतून लिहितेय. इथे बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत मराठी पुस्तकांचा चांगला संग्रह आहे, त्याची सुरुवात १९६२ च्या सुमारास झाली. भारताला धान्य दिलं त्याचे पैसे रुपयांत जमा व्हायचे आणि त्यातून तिथली पुस्तकं, मासिकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना वाटली जायची, पीएल ४८० म्हणून. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय आजही मराठी पुस्तकं घेतं. महाराष्ट्रात एका विद्यापीठात मला जो अंक नाही म्हणून सांगितला तो मला इथे मिळालाय, आणि त्याचं वाईट वाटलं, कारण तिकडे तो असणारच, फक्त यादीत नसणार.

पण इथल्या यादीत शोधायला मराठी शीर्षक रोमन लिपीत, स्वरांवर रेघा आणि अक्षरांखाली टिंबं लक्षात घेऊन टाकावं लागतं, देवनागरी नोंद सगळ्या जुन्या पुस्तकांना नाही. त्यामुळे तिकडे देवनागरीत नीट सूची झाली तर तिचा उपयोग जगभर होईल हे नक्की. आणि लेखांच्या पातळीवरची मराठी सूची इथेही मला कधी सापडलेली नाही. मी आठवड्यातून थोडा वेळ नोंदी टाकायला देऊ शकते.

बांधणीवाला

आमच्या घरात दोन पिढ्या बाइंडिंगचं काम, आता मी करतो, कॉलेज आणि विद्यापीठांची टेंडरं भरतो. वर प्रज्ञाताईंनी म्हटलंय की बांधणीत अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठ काढून टाकतात. खरं आहे. टेंडर सगळ्यात कमी दराला जातं, त्या दरात जुझबंदी शिलाई (पानांच्या घडीतून दोरा ओवून केलेली) परवडत नाही. मग बाजूने भोकं पाडून ठोकशिलाई मारायची आणि तिन्ही बाजूंनी कटिंग. कटिंगमध्ये समास जातो, कधी पान नंबर पण जातो. असा खंड पूर्ण उघडतच नाही, झेरॉक्सला दाबला की कणा मोडतो, स्कॅनला तर आतली अर्धी ओळ येत नाही. आमचे वडील जुझबंदीच करायचे आणि खळीत मोरचूद घालायचे म्हणजे कसर लागत नाही. त्यांनी बांधलेले खंड मी अजून बघतो, सपाट उघडतात.

टेंडरमध्ये फक्त एवढं लिहा, जुझबंदी शिलाई, मुखपृष्ठ व अनुक्रमणिका आत बांधणे, समास कापू नये. दर वाढेल पण काम पिढ्यान् पिढ्या टिकेल. आणि हात जोडून विनंती, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. थोड्या वर्षांनी डिंक पिवळा पडून कागद खातो, मग आम्हालाही काही करता येत नाही. पातळ टिश्यू कागद आणि खळ वापरा.

माजी_ग्रंथपाल

फार मोलाचा प्रतिसाद. टेंडरची ती तीन कलमं मी सगळ्या ओळखीच्या ग्रंथपालांना पाठवतोय.

यात भर घालतो. सगळ्यात हाल दिवाळी अंकांचे आहेत. १९०९ साली का. र. मित्र यांनी मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि मराठीतलं कितीतरी उत्तम दीर्घ लेखन आधी दिवाळी अंकांतच आलंय. पण ग्रंथालयांच्या नियमात ते बसत नाहीत. पुस्तक म्हणून दाखल होत नाहीत आणि नियमित नियतकालिक म्हणून बांधणीलाही जात नाहीत. वर्षभर फिरवायचे आणि मग रद्दीत. मी स्वतः हे थांबवायला बराच झगडलो, आमच्याकडे पुढे ते बांधून ठेवायला लागले, पण बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा वर्षांमागचे अंक शोधायला गेलात तर मिळणार नाहीत. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, तीही तुटपुंज्या साधनांत. आज आपल्याला संगणक असून दिवाळी अंकांची साधी सूची करता येऊ नये?

माझी सूचना अशी की सुरुवात दिवाळी अंकांपासून करा. मासिकांपैकी काहींच्या छापील सूची निदान झालेल्या आहेत, त्या आधी बघाव्या लागतील म्हणजे दुबार काम होणार नाही. दिवाळी अंक लोकांच्या घरीही आहेत, त्यामुळे ग्रंथालयाबाहेरचा माणूसही नोंद करू शकेल.

अमोल_नांदेड

आमच्या अभ्यासिकेतली पोरं यात येतील. दिवसभर रट्टा मारून डोकं बधिर होतं, संध्याकाळी तासभर असं काम मिळालं तर चांगलंच. मराठी टायपिंग बऱ्याच जणांना येतं कारण परीक्षेसाठी शिकलेत. फक्त आम्हाला विषय देता येणार नाही, ते तुम्ही द्या. आणि ग्रंथालयाने आम्हाला अंक हातात दिले पाहिजेत.

शाई_आणि_खळ

अमोल, याची मी अपेक्षाच केली नव्हती, खूप छान वाटलं वाचून. आमच्या ग्रंथपालांशी बोलले, अंक वाचनकक्षातच बसून हाताळायला त्यांची हरकत नाही, लेखी परवानगी देतो म्हणालेत.

तर मग दिवाळी अंकांपासून सुरू करू. तक्त्यात हे रकाने ठेवते: अंकाचं नाव, वर्ष, गाव, संपादक, लेखाचं शीर्षक जसं छापलंय तसं, लेखकाचं नाव जसं छापलंय तसं, लेखकाचं मुख्य नाव, प्रकार म्हणजे कथा की कविता की लेख की मुलाखत, पानं कुठून कुठे, विषय, प्रत कुठे पाहिली, नोंद कुणी केली. विषय आणि मुख्य नाव हे दोन रकाने मी, माजी ग्रंथपाल सर आणि प्रज्ञा भरू, बाकी कुणीही. अनिकेत दुबार नोंदी पकडेल. वृंदा, तुम्ही तिकडचे अंक घ्या म्हणजे इथे नसलेले येतील. जाहिराती, राशिभविष्य, व्यंगचित्रं यातलं व्यंगचित्र घ्यायचं, बाकी दोन सोडायचं.

अंकावर शके वर्ष छापलेलं असेल तर तेही लिहा, जुन्या अंकांत कधी कधी तेवढंच असतं.

अनिकेत_कोड

छापलंय तसं म्हणजे जुने अनुस्वारही तसेच ना?

शाई_आणि_खळ

हो, अगदी तसेच. दुरुस्त करायचं नाही. शोधताना सैल करायचं काम तुझं.

प्रज्ञा_ल

एक शंका. माझ्याकडे आत्ता जो अंक आहे त्यात एका लेखाखाली नुसती आद्याक्षरं आहेत, "सौ. क. दे.", अनुक्रमणिकेतही तेवढंच. मला अंदाज आहे कोण असाव्यात पण खात्री नाही. मुख्य नावात काय टाकू?

माजी_ग्रंथपाल

छापील नावात आद्याक्षरं तशीच. मुख्य नावाचा रकाना कोरा ठेवा. अंदाज वेगळ्या टिपेत, कशावरून ते कारण देऊन. एकदा चुकीचं नाव मुख्य रकान्यात गेलं की पुढचे दहा संशोधक तेच उचलतात आणि मग ते काढणं फार कठीण जातं.

शाई_आणि_खळ

बरोबर. टीप हा आणखी एक रकाना वाढवला. दुवा उद्या दुपारपर्यंत इथे टाकते, ज्यांना पहिल्या आठवड्यात अंक घ्यायचे आहेत त्यांनी खाली अंकाचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा म्हणजे एकच अंक दोघं करणार नाहीत.